यमुनेचं पुढं काय झालं?

 मैत्रिणींनो, तेरखेड्याचा आपला वाचनगट बोलतोय. मागच्या वेळी आम्ही बी-बियाण्यांच्या गाडग्यांवर बोललो होतो. आज एका जुन्या कादंबरीवर बोलायचं आहे. कादंबरी म्हटल्यावर रेडिओ बंद करू नका. दळण, भाकरी, जे काही हातात असेल ते चालू द्या आणि कान इकडं ठेवा.

त्याचं असं झालं. आमच्यातल्या एकीची लेक बार्शीला मराठी घेऊन एम. ए. करते. दिवाळीच्या सुट्टीत ती एक पुस्तक घेऊन आली. म्हणाली, मराठीतली पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून हे आम्हाला शिकवतात. आम्हाला वाटलं, पहिली कादंबरी म्हणजे राजा-राणी नाहीतर लढाया असतील. निघाली एका विधवा बाईची गोष्ट. तीही लिहिली ख्रिस्ती झालेल्या एका मराठी माणसानं. लेक म्हणाली, आई, इंग्रजीत आता अशा कादंबऱ्यांचा ढीग असतो. लहानसं गाव, प्रेम, जिवाला धोका, आणि शेवटी देवावरच्या श्रद्धेनं सुटका. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या बाया त्या फार आवडीनं वाचतात म्हणे. आपल्याकडं असलं पुस्तक १८५७ सालीच होऊन गेलं, हे ऐकून आम्ही चाट पडलो.

पुस्तकाचं नाव 'यमुनापर्यटन'. लिहिणारे बाबा पद्मनजी. नावाला एक लांब शेपूट आहे, त्याचा अर्थ हिंदुस्थानातल्या विधवांची स्थिती सांगणारं पुस्तक असा होतो. आम्ही ठरवलं, रोज संध्याकाळी अर्धा तास एकीनं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या गावाला फटाक्यांचं गाव म्हणतात. गटातल्या निम्म्या बाया त्याच कामाला जातात. सुतळी बॉम्ब, तोटे, लडी बांधून हात काळे झालेले असतात आणि डोळे मिटायला लागलेले असतात. पहिले चार दिवस खरं सांगायचं तर पेंग आली. भाषा जुनी, वाक्यं लांब, आणि पात्रं एकमेकांशी बोलायला लागली की कीर्तनकाराला मागं टाकतील. पण पाचव्या-सहाव्या दिवशी एकीनं विचारलं, "मंग पुढं काय झालं तिचं?" तिथून पुस्तकानं आम्हाला धरलं.

गोष्ट थोडक्यात सांगतो. यमुना शिकलेली आहे. मिशनच्या शिकवणीचा तिच्यावर परिणाम झालेला आहे, पण ते उघडपणे बोलण्याची सोय नाही. नवरा विनायक तिच्याच विचारांचा. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे. त्या काळच्या पुस्तकात नवरा-बायको बरोबरीनं बसून बोलतात, हेच आम्हाला नवल वाटलं. दोघं प्रवासाला निघतात. वाटेत जागोजागी त्यांना विधवा भेटतात आणि आपापली कर्मकथा सांगतात. कुणाचे केस काढलेले, कुणी घरात राबणारी बिनपगारी मोलकरीण झालेली, कुणाला घरातल्याच माणसानं फसवलेलं. यमुना ऐकते, हळहळते, धीर देते. आणि मग विनायक मरतो.

त्या दिवशी वाचणारीनं पुस्तक मिटलं तेव्हा कुणीच उठलं नाही. काल जी दुसऱ्यांचे डोळे पुसत होती, ती आज त्यांच्याच ओळीत येऊन बसली. आता तिचेही केस काढायला न्हावी बोलावणार, ही भीती पुढच्या पानांवर पसरलेली आहे. या कादंबरीत तलवार नाही, दरोडा नाही. तरी आमचा जीव टांगणीला लागला, तो त्या वस्तऱ्यामुळं.

शेवट आधीच सांगून टाकतो, कारण पुस्तक आता जुनं झालं आहे. यमुना वाचते. ती उघडपणे ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि ख्रिस्ती माणसाशी तिचं दुसरं लग्न होतं.

आता हे लिहिणारे बाबा कोण? त्यांचा जन्म १८३१ सालचा, बेळगावचा. घराणं कासार समाजातलं. बेळगावला आणि पुढं मुंबईला मिशनच्या शाळांत ते शिकले. जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेत काही काळ होते. १८५४ मध्ये बेळगावात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'यमुनापर्यटन' छापलं गेलं तेव्हा ते २६ वर्षांचे होते. पुढं त्यांनी शंभराहून जास्त पुस्तकं लिहिली, नियतकालिकं चालवली, मोल्सवर्थच्या मोठ्या मराठी-इंग्रजी कोशाची आटोपशीर आवृत्ती केली आणि 'अरुणोदय' नावाचं आत्मचरित्र लिहिलं. १९०६ साली ते वारले.

त्यांचा हेतू लपलेला नाही. ख्रिस्ती धर्माकडं वाचकाला वळवायचं, हे पानोपानी दिसतं. आमच्यातल्या दोघी-तिघी त्यावर चिडल्याही. "आपल्या घरातलं सगळं वाईट आणि यांच्या घरातलं सगळं चांगलं, असं कुठं असतं का?" म्हणाल्या. त्यांचं बरोबर आहे, आणि त्याकडं आपण पुढं येणारच आहोत. पण एक गोष्ट आम्हाला सुचली आणि ती आम्ही एम. ए.वाल्या लेकीकडूनही तपासून घेतली. १८५७ साली, यमुनेचं दुसरं लग्न तिच्या स्वतःच्या समाजात लावायचं म्हटलं असतं, तर ते बाबांना लावता आलं असतं का?

कायदा तर झाला होता. जुलै १८५६ मध्ये कंपनी सरकारनं विधवाविवाहाचा कायदा केला. त्यासाठी बंगालमध्ये ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी जिवाचं रान केलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कलकत्त्याला त्यांनी पहिलं लग्न लावूनही दाखवलं. पण आपल्याकडं? विष्णुशास्त्री पंडित यांच्या चळवळीतून मुंबईत ब्राह्मण विधवेचा गाजलेला पुनर्विवाह झाला तो १८६९ साली. म्हणजे कायद्यानंतर १३ वर्षांनी. आणि त्यावरही बहिष्कार आणि वादविवाद इतके झाले की लग्न करणाऱ्यांपेक्षा वाद घालणारेच जास्त गाजले. मग १८५७ साली बाबांसमोर यमुनेला सुखरूप पोचवायला एकच दार उघडं दिसलं. ते त्यांच्या धर्माचं होतं हे खरं. पण दुसरं दार कुणी उघडून ठेवलं होतं, असं मात्र नाही.

इथं जरा थांबून आपल्या जिल्ह्यात येऊ या. याच काळात आणखी एका लेखकाला एक विधवा नायिका सुचली होती, आणि तो लेखक आपल्या नळदुर्गच्या किल्ल्यात राहत होता.

त्याचं नाव फिलिप मेडोज टेलर. इंग्रज, जन्म १८०८ चा. पंधराव्या वर्षी हिंदुस्थानात आला आणि निजामाच्या नोकरीत लागला. १८५३ साली निजामानं कर्जापोटी काही मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. त्यात वऱ्हाड होता, रायचूरचा दुआब होता आणि आपला नळदुर्ग-धाराशिवचा भागही होता. आपला भाग १८६० मध्ये निजामाला परत मिळाला. मधल्या काळात नळदुर्गचा कारभार पाहायला टेलर आला. त्यानं जमिनीची मोजणी केली, रस्त्यांची कामं काढली, आणि १८५७ च्या धामधुमीत त्याला इथून वऱ्हाडात बुलढाण्याकडं पाठवलं गेलं. नळदुर्गला सहलीला गेल्यावर आपण बोरी नदीच्या बंधाऱ्यातला पाणीमहाल बघतो, धबधब्यापाशी फोटो काढतो. त्याच किल्ल्यात कादंबऱ्या लिहिणारा साहेब राहून गेला, हे आम्हालाही आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

विलायतेला परत गेल्यावर, १८६३ साली त्यानं 'तारा' नावाची कादंबरी छापली. इंग्रजीत, तीन भागांत. ती सुरू होते आपल्या तुळजापुरात! तारा ही तिथल्या एका ब्राह्मण शास्त्र्याची मुलगी, बालविधवा. ती भवानीच्या सेवेला वाहून घेते. मोरो त्रिमल नावाचा एक दुष्ट माणूस तिच्यावर डोळा ठेवून असतो. पुढं अफजलखानाची स्वारी, पळवापळवी, विजापूरचा दरबार, प्रतापगड, सगळं येतं. अखेरीस तारा सती जायला चितेपाशी उभी असते आणि तिथून तिला कोण सोडवतो, तर खानाचा मुलगा फाजल. त्याच्याशीच तिचं लग्न होतं. हा इतिहास नव्हे बरं का. अफजलखान आणि प्रतापगड खरे, तारा आणि तिची प्रेमकथा टेलरच्या डोक्यातली. उद्या कुणी तुळजापुरात ताराचं घर दाखवायला लागलं तर विश्वास ठेवू नका.

पण बघा, कसं जुळतं. टेलर इंग्रज आणि बाबा मराठी. एकाची गोष्ट घोडेस्वारांची आणि दुसऱ्याची प्रवचनांची. दोघांनी एकमेकांची पुस्तकं पाहिली असतील असंही नाही. तरी दोघांच्याही विधवेचं दुसरं लग्न तिच्या धर्माच्या वेशीबाहेरच होतं. यमुना ख्रिस्ती घरात जाते, तारा मुसलमान सरदाराच्या घरात. टेलरनं १८७२ साली 'सीता' नावाची आणखी एक कादंबरी लिहिली. तीही विधवाच आणि लग्न करते इंग्रज अधिकाऱ्याशी. ती तर शेवटी नवऱ्याला वाचवताना मरते. जाता जाता सांगायचं तर टेलरची स्वतःची बायको मेरी पामर ही हैदराबादच्या एका सावकार साहेबाची मुलगी, आणि तिची आजी मुसलमान बेगम होती. तेव्हा हे वेशीपलीकडचं लग्न त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नसणार.

आमच्या चर्चेत एक म्हातारी मावशी गप्प बसली होती. ती म्हणाली, "तुमी निस्त्या बामणाच्या पोरीचंच सांगायलाव. आमच्यात पाट लावीत व्हते की."

मावशीनं आमचे कान उपटले ते बरं झालं. केस काढायचे, पुन्हा लग्नच नाही, ही चाल मुख्यतः ब्राह्मणांत आणि त्यांच्यासारखं वागू पाहणाऱ्या घरांत होती. खेड्यापाड्यांतल्या बऱ्याच जातींत विधवेचा पाट लावत. कुणी त्याला मोहतूर म्हणत. बाबांच्या पुस्तकात या बायांना फारशी जागा नाही, टेलरच्याही नाही. पण पाटातही सारं गोड होतं असं समजू नका. मावशीनंच सांगितलं. पाट रात्रीचा लागायचा. सवाष्णी तोंड बघायच्या नाहीत. वाजंत्री नाही, मांडव नाही. लग्नाची बायको आणि पाटाची बायको यांत पंगतीला, सणाला फरक व्हायचा. आणि घर जरा वर चढलं, चार पैसे आले, मोठ्या कुळाशी सोयरीक करायची झाली, की आधी काय बंद व्हायचं? पाट. मावशीच्या सासरी तिच्या सासूच्या काळात तो बंद झाला. ती स्वतः विसाव्या वर्षी विधवा झाली, तेव्हा तिला सांगितलं गेलं, आता आपल्यात तसलं चालत नाही.

म्हणजे ज्या काळात पुण्या-मुंबईचे सुधारक पुनर्विवाह सुरू करा म्हणून भांडत होते, त्याच काळात खेड्यातली घरं असलेला पुनर्विवाह मोठेपणासाठी बंद करत होती. आमच्या मते हा इतिहास कादंबरीपेक्षा जास्त चटका लावणारा आहे.

त्यात कायद्यानं आणखी एक मेख मारून ठेवली होती, आणि हे आम्हाला नवीनच कळलं. १८५६ च्या त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात लिहिलं होतं की विधवेनं लग्न केलं तर पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपला. जणू ती स्वतःच मेली, असं धरायचं. एका हातानं लग्नाची परवानगी दिली आणि दुसऱ्या हातानं शेत काढून घेतलं. ज्या जातींत पाटाची चाल आधीपासून होती, त्यांच्याही बायांना हे कलम लागू होतं, असा निकाल मुंबईच्या हायकोर्टानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दिला. आता सांगा, कोणती बाई धजेल? आणि कोणता दीर तिला लग्न कर म्हणून आग्रह करणार नाही?

यमुनेच्या गोष्टीत शेताचा प्रश्न हा कळीचा मुद्दा नाही. तिथं प्रश्न केसांचा आणि आत्म्याच्या तारणाचा. बाबा शहरात वाढलेले, मिशनच्या शाळेत शिकलेले. शेताच्या बांधावर बाईचं काय होतं, ते त्यांच्या पुस्तकात नाही.

आता त्या चिडलेल्या दोघी-तिघींकडं येऊ. धर्म बदलला की बाईची सुटका झाली, असं पुस्तक सांगतं. खऱ्या आयुष्यात ते इतकं सरळ होतं का? लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' तुमच्यापैकी अनेकींनी शाळेत थोडंफार वाचलं असेल. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. बायकोला न विचारता. इकडं लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या घरी जाता येत नाही, अशी काही वर्षं त्यांनी नातेवाइकांच्या आधारानं काढली. मग त्या नवऱ्याजवळ राहायला गेल्या, आणि जातिभेदाचा विचार करत करत, आपल्या चालीनं १९०० साली स्वतः ख्रिस्ती झाल्या. बाबांच्या कादंबरीत नवरा-बायको दोघंही एका विचाराचे, म्हणून काम सोपं झालं. टिळकांच्या घरात एकाचा विचार आधी झाला आणि त्याची किंमत दुसरीनं मोजली. आम्हाला विचाराल तर यमुनेपेक्षा लक्ष्मीबाई आम्हाला जवळची वाटते. ती हसते, चिडते, सोवळ्यावरून भांडते. यमुना बिचारी फार शहाणी आहे.

आणि पंडिता रमाबाई. त्या तर स्वतः विधवा. १८८२ साली नवरा गेला. १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढं ते पुण्याला नेलं. तिथं मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून १८९३ मध्ये मोठा गवगवा झाला आणि कितीतरी पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. पण त्याच वर्षी काय झालं बघा. शारदा सदनाची पहिली विद्यार्थिनी गोदूबाई. बालविधवा. तिचं लग्न धोंडो केशव कर्वे यांच्याशी झालं. हिंदू पद्धतीनं. ख्रिस्ती बाईच्या संस्थेत शिकलेली विधवा आपल्याच धर्मात राहून पुन्हा संसाराला लागली. यमुनेसाठी जे दार बाबांना दिसलं नव्हतं, ते ३६ वर्षांनी उघडलं. लगेच मुरूड गावानं कर्व्यांवर बहिष्कार टाकला, हेही सांगायला हवं.

आणखी दोन नावं घेतल्याशिवाय राहवत नाही. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये विधवांच्या बाळंतपणासाठी घर उघडलं, कुणाचाही धर्म न बदलता. आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. निमित्त सुरतेकडच्या एका विधवेच्या खटल्याचं होतं. मूल मारल्याबद्दल तिला फाशी सांगितली होती, पुढं ती कमी झाली. सगळे त्या बाईला दोष देत होते आणि ताराबाई विचारत होत्या, मूल एकटीचं होतं का? त्या काळच्या कादंबऱ्यांचाही ताराबाईंनी समाचार घेतला आहे. कादंबरीतल्या विमानात बसून उडणाऱ्या नायिकांवर त्यांचा विश्वास नव्हता. बुलढाणा म्हणजे तेच गाव, जिकडं टेलरसाहेबाला नळदुर्गहून पाठवलं. त्याची तारा चितेवरून घोडेस्वारानं उचलून नेली. या ताराबाईंना न्यायला कुणी आलं नाही. त्यांनी लेखणी घेतली.

न्हाव्याच्या वस्तऱ्याचं म्हणाल, तर तो खाली ठेवायला लावला खुद्द न्हाव्यांनीच. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० च्या सुमाराला न्हाव्यांना एकत्र करून, विधवांचे केस काढणार नाही असा संप घडवला. हे वाचलं तेव्हा आमच्या गटात टाळ्या पडल्या. पहिल्यांदाच असं झालं की हातात हत्यार असलेल्यानंच ते चालवायला नकार दिला.

इतकं सगळं आम्ही महिनाभर वाचलं, बोललो. शेवटच्या दिवशी आमच्यातली सगळ्यांत लहान, २६ वर्षांची, बोलली. तिचं नाव सांगणार नाही, गावही सांगणार नाही. तिचा नवरा तीन वर्षांमागं गेला. कामावर झालेल्या स्फोटात गेला, एवढंच सांगतो. आमच्या भागात हे नवीन नाही. तिला एक मुलगी आहे. माहेरच्यांनी एक स्थळ आणलं आहे, चांगलं आहे, मुलीसकट करायला तयार आहे. ती महिनाभर गप्प बसून यमुनेची गोष्ट ऐकत होती. तिनं केसांचं विचारलं नाही, धर्माचं विचारलं नाही. ती म्हणाली, "त्या दुसऱ्या कलमाचं काय झालं? ते अजून आहे का? घरचे म्हणतेत, लग्न केलंस तर दोन एकरातलं तुझं नाव जाईल."

आमच्याकडं उत्तर नव्हतं. आम्हाला यमुनेचं, ताराचं सगळं ठाऊक झालं होतं आणि समोर बसलेल्या पोरीच्या सातबाराचं काही ठाऊक नव्हतं. मग तालुक्याच्या मोफत कायदा सल्ला केंद्रात गेलो, वकीलबाईंना भेटलो. त्यांनी जे सांगितलं ते तुम्हीही ऐका. हिंदू कुटुंबांसाठी १९५६ साली वारसाचा नवा कायदा झाला. नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या हिश्शात बायको, मुलं आणि त्याची आई, सगळ्यांना सारखा वाटा. बायकोला मिळालेला वाटा तिच्या पूर्ण मालकीचा. नंतर तिनं दुसरं लग्न केलं तरी तो वाटा परत जात नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं. ते १८५६ चं कलम आता कुणाला दाखवून घाबरवता येत नाही, तो जुना कायदाच १९८३ मध्ये रद्द झाला. शेत वडिलोपार्जित असेल, वाटण्या झालेल्या नसतील, तर हिशेब थोडा वेगळा बसतो, म्हणून कागद घेऊन वकिलाकडं जावं. इतर धर्मांतल्या भगिनींचे वारसाचे नियम वेगळे आहेत, त्यांनी त्यांचे विचारून घ्यावेत.

वकीलबाईंनी एक सुनावलंही. म्हणाल्या, "लग्नाचं नंतर बघा. आधी वारस नोंद झाली आहे का ते बघा." नव्हती झाली. तीन वर्षांत कुणी अर्जच केला नव्हता.

मैत्रिणींनो, २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला की आमच्या गावात विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन करणारं पत्रक काढलं. आमच्या गटानं यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्यांना बोलावलं, सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. ११ विधवा बायांना निरोप गेला. चौघी आल्या. त्यातल्या एकीनं वाण घेतलं, पण कुंकवाला कपाळ पुढं केलं नाही. "नगं बाई, सवय गेली," म्हणाली. आम्ही जबरदस्ती केली नाही. पाटाचं सांगणारी ती मावशी मात्र आली, आणि तिनं हळद-कुंकू दोन्ही लावून घेतलं. घरी जाताना पुसलं की ठेवलं, ते आम्ही विचारलं नाही.

आणि ती २६ वर्षांची? मागच्या सोमवारी आम्ही तिघी तिच्याबरोबर तलाठ्याकडं गेलो होतो. मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, वारसांची नावं लिहिलेला अर्ज आणि प्रतिज्ञापत्र, सगळं घेऊन. अर्ज स्वीकारला आहे, पोच आमच्याजवळ आहे. आता नोटिसा निघतील, कुणाची हरकत आली तर सुनावणी होईल, मग फेरफार. स्थळवाल्यांना तिनं कळवलं आहे की नाव लागेपर्यंत थांबा. ते थांबायला तयार आहेत.

वाचनगट दर बुधवारी संध्याकाळी सहाला भरतो. 'यमुनापर्यटन' संपलं, पुढच्या बुधवारपासून 'स्मृतिचित्रे' घेतोय. ज्यांना वाचता येत नाही त्यांनीही या. नमस्कार.